‘किती एक्स घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो

तुमच्या क्रिप्टो वायद्यांच्या खात्याचे तुम्ही लिहून पाठवलेले आकडे आधी पुन्हा मांडतो, कारण ‘किती एक्स’, म्हणजे तारणाच्या किती पट सौदा घ्यायचा (यालाच लिव्हरेज म्हणतात), याचं उत्तर त्यांच्यातच आहे. साधारण सव्वातीन लाख रुपयांचे ३,५०० यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं स्थिर नाणं. त्यातले १,१०० स्पॉट (रोखीच्या खरेदीच्या) वॉलेटमध्ये पडून होते, २,४०० फ्युचर्स (वायद्यांच्या) वॉलेटमध्ये. सोलाना, ॲव्हलांच, सुई आणि डोज अशा चार लाँग पोझिशन्स, म्हणजे भाव वर जाईल या अंदाजाने घेतलेले सौदे. प्रत्येकी २०० यूएसडीटी मार्जिन (सौद्यापोटी ठेवलेलं तारण), १० एक्स, क्रॉस मार्जिन. स्टॉप, म्हणजे ठरावीक भावाला तोट्यातला सौदा बंद करणारी ऑर्डर, कुठेच नव्हता, कारण तुमच्याच शब्दांत, ‘लिक्विडेशन हाच स्टॉप, जास्तीत जास्त आठशे जातील’. लिक्विडेशन म्हणजे तारण संपत आलं की एक्स्चेंज सौदा जबरदस्तीने बंद करतं ते. ११ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे तुम्ही झोपेत असताना सगळं उरकलं. सकाळी सातला मोबाइल उघडला तर फ्युचर्स वॉलेट रिकामं, आणि भाव मात्र बराचसा वर आलेला. आता तुम्ही विचारताय, किती एक्स सुरक्षित? आणि एका सौद्यात किती पैसे लावायचे?

दुसरा प्रश्न बरोबर आहे. पहिल्याला मी तरी आकड्यात उत्तर देणार नाही, आणि कोणी दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. का ते तुमच्याच हिशोबातून बघू.

तुम्हाला वाटत होतं आपण १० एक्सवर आहोत. प्रत्यक्षात प्रत्येक पोझिशन २,००० यूएसडीटीची, चार मिळून ८,०००. त्यामागे उभे होते २,४०० यूएसडीटी, कारण क्रॉस मार्जिनमध्ये वॉलेटमधला शेवटचा पैसाही तारण असतो. म्हणजे खरं लिव्हरेज ३.३ एक्स. ऐकायला अगदी सौम्य. पण ८,००० चे ३० टक्के किती होतात? बरोबर २,४००. चारही नाणी सरासरी ३० टक्के पडली की तुमचं वॉलेट साफ, आणि थोडं आधीच, कारण वॉलेट शून्यावर यायच्या आतच, ते देखभाल मार्जिनला (पोझिशन चालू ठेवायला लागणाऱ्या किमान तारणाला) टेकलं की एक्स्चेंज पोझिशन ताब्यात घेतं. त्या पहाटे बऱ्याच ऑल्टकॉइनचे (बिटकॉइन सोडून इतर नाण्यांचे) भाव काही मिनिटांसाठी ४०-५० टक्के, काही ठिकाणी त्याहूनही खाली गेले. आठशे जातील हा तुमचा अंदाज आयसोलेटेड मार्जिनचा होता, जिथे त्या त्या सौद्याला लावलेलं मार्जिनच तेवढं पणाला लागतं. बटण दाबलेलं होतं क्रॉसचं. तेच चार सौदे आयसोलेटेडमध्ये असते तर खरोखर आठशेच गेले असते. तेही वाईटच, पण आज तुमच्याकडे १,१०० ऐवजी २,७०० असते.

तुम्ही एकटे नव्हता हे सांगून काही बरं वाटणार नाही, तरी सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी चीनवर १०० टक्के जादा आयातशुल्काची घोषणा केली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साधारण अडीच वाजत आले होते. क्रिप्टो बाजाराची आकडेवारी ठेवणाऱ्या कॉइनग्लासच्या नोंदीनुसार पुढच्या चोवीस तासांत १,९०० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या पोझिशन्स जबरदस्तीने बंद झाल्या, सोळा लाखांवर खाती त्यात सापडली. बिटकॉइन १,२२,००० डॉलरच्या आसपासवरून १,०५,००० च्या घरात आला, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर. ऑल्टवाले त्याच वेळेत कितीतरी खोल गेले. हा फरक लक्षात ठेवा, पुढे हिशोबात लागणार आहे.

माझी सुरुवात सांगलीतल्या हळदीच्या वायद्यातून झाली. तिथेही लिव्हरेज होतंच, पण त्याला माणसाचा आवाज होता. भाव उलटा गेला की ब्रोकरच्या ऑफिसातून फोन यायचा, ‘साहेब, अकरापर्यंत मार्जिन भरा, नाहीतर सौदा कापतो.’ भावाला दिवसाची मर्यादा होती, रात्री बाजार बंद व्हायचा, माणूस जेवून झोपू शकायचा. क्रिप्टोत यातलं काहीच नाही. सर्किट नाही, सुट्टी नाही, फोन नाही. मार्क प्राइस (अनेक बाजारांच्या भावांवरून एक्स्चेंजने काढलेला भाव) एका रेषेपर्यंत आली की यंत्र पोझिशन कापतं. त्या कापण्यातून बाजारात आणखी विक्री येते, तिने पुढच्या माणसाची रेषा गाठली जाते, आणि साखळी सुरू होते. वायदेबाजारातून येणाऱ्या आमच्यासारख्यांची पहिली चूक इथेच होते : आपण जुन्या बाजाराची सवय घेऊन येतो आणि कोणीतरी फोन करेल असं मनात कुठेतरी धरून बसतो.

आता मूळ पद्धत. मी क्रम असा धरतो, आणि हा क्रम उलटा करायचा नाही : आधी माझा अंदाज कुठल्या भावाला चुकला असं मानणार ते ठरवायचं. मग चुकलो तर किती पैसे सोडणार ते. त्या दोन आकड्यांतून पोझिशनचा आकार आपोआप निघतो. लिव्हरेज सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त मार्जिन किती अडकवायचं एवढ्यापुरतं.

एक उदाहरण. खात्यात २,००० यूएसडीटी. एका सौद्यात १ टक्का सोडायची तयारी, म्हणजे २०. बिटकॉइन १,००,००० ला घ्यायचा आहे आणि ९८,००० खाली गेला तर माझं म्हणणं चुकलं. अंतर २ टक्के. त्यात आत-बाहेरची फी साधारण ०.१ टक्का आणि स्टॉप लागताना भाव थोडा घसरतो त्याचे आणखी ०.१ टक्का धरू. एकूण २.२. वीस भागिले ०.०२२ म्हणजे सुमारे ९०९ यूएसडीटीची पोझिशन. संपला हिशोब. ही पोझिशन तुम्ही ५ एक्सवर उघडली तर १८२ मार्जिन अडकेल, १० एक्सवर ९१, २० एक्सवर ४५. स्टॉप लागला तर तिन्ही ठिकाणी वीसच जाणार. लिव्हरेजचा स्लायडर सरकवल्याने जोखीम बदलत नाही. बदलते ती मार्जिनची रक्कम आणि लिक्विडेशनचा भाव.

आणि तो भाव महत्त्वाचा आहे. आयसोलेटेड लाँगमध्ये लिक्विडेशन ढोबळमानाने १०० भागिले लिव्हरेज इतक्या टक्क्यांवर असतं, त्यातून देखभाल मार्जिन वजा. बिटकॉइनला ते अर्धा टक्का धरलं तर १० एक्सला लिक्विडेशन साडेनऊ टक्के खाली, २० एक्सला साडेचार, ५० एक्सला दीड. वरच्या उदाहरणात ५० एक्स घेतलं तर लिक्विडेशन ९८,५०० ला आणि स्टॉप ९८,००० ला. म्हणजे तुमचा स्टॉप नुसता शोभेचा. तुमचा अंदाज चुकला की नाही हे कळायच्या आधीच यंत्राने सौदा संपवलेला असेल. बिटकॉइन दीड टक्का तर चहा होईपर्यंत हलतो. माझा नियम, लिक्विडेशनचं अंतर स्टॉपच्या अंतराच्या किमान दुप्पट हवं. ते जिथे बसतं तिथेच लिव्हरेजची वरची मर्यादा. यापलीकडे ‘किती एक्स’ला काही अर्थ नाही.

इथपर्यंतचं गणित यूट्यूबवर शंभर जण सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण ११ ऑक्टोबरला हे गणित पाळणारेही बरेच जण भाजले. कारण या सगळ्याच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे : स्टॉप आपण लावला त्या भावाला लागेल.

नाही लागत. हे मी पैसे मोजून शिकलोय. १९ मे २०२१, बुधवार. दुपारपासूनच घसरण चालू होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बिटकॉइन, जो सकाळी ४३,००० च्या आसपास होता, ३०,००० पर्यंत आला. माझे इथरचे लाँग होते. सकाळी ३,४०० च्या आसपास असलेला इथर दिवसभरात २,००० पर्यंत आला. स्टॉप लावलेला होता, पण स्टॉप-लिमिट, म्हणजे ठरवलेल्या भावाखाली न विकणारा. ट्रिगर झाला, ऑर्डर बुकात जाऊन बसली, आणि भाव तिच्याखालून निघून गेला. लिमिटच्या भावाला घेणारा कोणी उरलाच नव्हता. मी ॲप उघडायला गेलो तर ॲप गोल गोल फिरतंय. वेबसाइटवर लॉगिन होत नव्हतं. पाऊण तासाने आत शिरलो तेव्हा खात्यातले चाळीस टक्के गेलेले. ज्या सौद्यात मी दीड टक्का जोखीम लिहून ठेवली होती, त्याच सौद्यात. वहीतलं ते पान अजून आहे माझ्याकडे.

तेव्हापासून मी प्रत्येक पोझिशनला दोन प्रश्न विचारतो. एक, स्टॉप नीट लागला तर किती जाईल? हा वरचा १ टक्का. दोन, स्टॉप लागलाच नाही, बाजार एका उडीत खाली गेला आणि मी झोपलेला असलो तर किती जाईल? या दुसऱ्या प्रश्नासाठी मी सगळ्या उघड्या पोझिशन्सची मिळून रक्कम बघतो. ऑल्ट ५० टक्के उडी मारून खाली गेले असं धरतो, बिटकॉइन २५ टक्के, आणि त्यात एकूण भांडवलाच्या २० टक्क्यांहून अधिक जाणार नाही एवढंच वजन ठेवतो. बिटकॉइनला २५ टक्के म्हणजे फार भित्रेपणा वाटत असेल तर मार्च २०२० आठवा : १२ तारखेला ७,९०० च्या आसपास असलेला बिटकॉइन साधारण एका दिवसात ४,००० च्या खाली गेला होता. खरं तर माझा आकडा उदारच आहे.

तुमच्या जुन्या खात्याला हे लावून बघू. ३,५०० च्या वीस टक्के म्हणजे ७००. ऑल्टला ५० टक्के उडी धरली तर एकूण पोझिशन १,४०० हून अधिक नको. तुमची होती ८,०००. जवळपास सहापट. १० एक्सऐवजी ५ एक्स निवडलं असतं तर वाचलो असतो का, असं तुम्ही विचारलं होतं. क्रॉसमध्ये, त्याच ८,००० च्या पोझिशनवर? नाही. मार्जिनचा आकडा बदलला असता, वॉलेट त्याच जागी रिकामं झालं असतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. चार वेगवेगळी नाणी घेतली म्हणजे जोखीम वाटली गेली असं तुम्ही लिहिलंय. सोलाना, ॲव्हलांच, सुई, डोज. शांत दिवशी यांच्या चाली वेगळ्या दिसतात, एक वर तर एक खाली. घबराटीत ते चार नसतात, एकच सौदा असतो. माझ्या वहीत त्यामुळे ऑल्टचे सगळे लाँग मिळून एकच रांग असते आणि १ टक्का त्या रांगेला मिळतो, प्रत्येक नाण्याला नाही. चार घ्यायचे असतील तर पाव-पाव टक्का.

आता तो १ टक्का कुठून आला? २ का नाही, ५ का नाही? याचं कारण सलग हरण्यात आहे. चांगल्या ट्रेंड-फॉलो, म्हणजे भावाच्या चालू कलाबरोबर जाणाऱ्या, पद्धतीत शंभरातले चाळीस सौदे जिंकले तरी भागतं, कारण जिंकणारे मोठे असतात. पण चाळीस टक्के जिंकण्याच्या दराने शंभर सौदे केले तर त्यात कुठेतरी सलग आठ हरण्याची शक्यता जवळपास निम्मी निघते. कुठलीही चूक न करता, निव्वळ योगायोगाने. १ टक्का जोखमीवर सलग आठ हरलात तर खातं पावणेआठ टक्क्यांनी खाली. २ टक्क्यांवर पंधरा. ५ टक्क्यांवर जवळपास चौतीस. १० टक्क्यांवर ५७ टक्के खाली, आणि तिथून मूळ जागी यायला खातं दुपटीहून जास्त व्हावं लागतं. त्यात, ५७ टक्के खाली गेलेला माणूस नियम पाळत नाही. तो भरून काढायला बघतो.

ज्यांना गणिताची आवड आहे ते इथे केलीचं सूत्र काढतात, बेल लॅबमधल्या जॉन केलींनी १९५६ साली मांडलेलं. सूत्र सुंदर आहे. समजा तुम्ही ४५ टक्के वेळा जिंकता आणि जिंकल्यावर हरण्याच्या दीडपट मिळतं, तर केली सांगतो की प्रत्येक सौद्यात सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास लावा. पण तुमचा खरा दर ४५ ऐवजी ४० असेल तर? तेच सूत्र सांगतं, शून्य लावा, या खेळात तुमची काही आघाडीच नाही. पाच टक्क्यांचा फरक. आणि तुमच्याकडे साठ सौद्यांची नोंद असेल तर त्या ४५ मध्येच सहा-साडेसहा टक्क्यांची चूक सहज दडलेली असते. म्हणजे आपण सव्वाआठवाले आहोत की शून्यवाले, हे साठ सौद्यांनी ठरतच नाही. म्हणून १ टक्का. नवख्यांना मी अर्धाच सांगतो, निदान पहिले शंभर सौदे वहीत नीट लिहून होईपर्यंत.

या उलट टोकाला ॲव्हरेज करणारे. वीस गेले की पुढच्यात चाळीस, मग ऐंशी, एकशेसाठ, तीनशेवीस, सहाशेचाळीस. सलग सहा हरलात की बेरीज १,२६०, म्हणजे दोन हजारांच्या खात्याचा निम्म्याहून मोठा तुकडा. आणि सलग सहा हरणं किती सामान्य आहे ते वर आलंच. मंदीत खाली-खाली घेत जाणं स्पॉटमध्ये, स्वतःच्या पैशाने, वर्षभराच्या धीराने चालू शकतं. फ्युचर्समध्ये प्रत्येक भरीबरोबर लिक्विडेशनची रेषा तुमच्या जवळ सरकते.

फंडिंगबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्यावरून वाटतं की बघितलेलं नसावं. पर्पेच्युअल या प्रकारच्या क्रिप्टो वायद्याला मुदत नसते, म्हणून त्याचा भाव स्पॉटजवळ ठेवायला लाँगवाले आणि शॉर्टवाले (भाव पडेल या अंदाजाने सौदा घेणारे) एकमेकांना पैसे देतात, तेच फंडिंग. बहुतेक मोठ्या एक्स्चेंजवर दर आठ तासांनी, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ. नेहमीचा दर ०.०१ टक्का. दिसायला किरकोळ, पण तो पोझिशनच्या पूर्ण रकमेवर लागतो. दिवसाला ०.०३ टक्का, वर्षाला ११ टक्क्यांच्या जवळ. १० एक्सवर असाल तर अडकवलेल्या मार्जिनच्या हिशोबाने महिन्याला नऊ टक्के. आणि तेजीत सगळेच लाँगमध्ये घुसले की दर याच्या कितीतरी पट होतो. महिनाभर धरायची पोझिशन असेल तर लिव्हरेज मोडून स्पॉट घ्या, झोपही लागेल.

फीचंही तसंच. टेकर फी (बाजारात लगेच पुऱ्या होणाऱ्या ऑर्डरवरची फी) ०.०५ टक्का धरली तर आत-बाहेर ०.१. पाच-पाच मिनिटांचे सौदे करणारा एक पोरगा माझ्याकडे हिशोब घेऊन आला होता. हजाराचं खातं, प्रत्येक वेळी दहा हजाराची पोझिशन, दिवसाला दहा सौदे. एका सौद्याला दहा यूएसडीटी फी, दिवसाला शंभर. म्हणजे खात्याच्या दहा टक्के रोज फीमध्ये. त्याचे निम्म्याहून जास्त सौदे बरोबर निघत होते आणि तरी खातं आटत होतं. त्याला ते एक्स्चेंजचं कारस्थान वाटत होतं.

काही तांत्रिक गोष्टी झटपट. स्टॉप नेहमी स्टॉप-मार्केट, म्हणजे मिळेल त्या भावाला बाहेर काढणारा, लिमिट नाही. माझी १९ मे पुन्हा कोणाची होऊ नये. त्याला ‘रिड्यूस ओन्ली’ची (फक्त असलेली पोझिशन कमी करण्याची) खूण हवी, नाहीतर पोझिशन आधीच बंद झाली असेल तर तोच स्टॉप उलटी पोझिशन उघडून बसतो. ट्रिगर मार्क प्राइसवर ठेवायचा की शेवटच्या भावावर, हा वादाचा मुद्दा. मी मार्कवर ठेवतो, कारण लिक्विडेशनही मार्कवरच होतं आणि एका एक्स्चेंजवरच्या भावाच्या क्षणभराच्या खोट्या उडीने मला बाहेर काढलेलं आवडत नाही. स्टॉप एक्स्चेंजवर लावलेला हवा, मनात नाही. मनातला स्टॉप प्रत्येक वेळी थोडा खाली सरकतो.

तारण म्हणून साधं स्थिर नाणंच ठेवा, तेही शक्यतो सगळ्यात रुळलेलं. त्याच ऑक्टोबरच्या रात्री बायनान्स या एक्स्चेंजवर यूएसडीई हे कृत्रिम डॉलरनाणं ६५ सेंटच्या आसपास उतरलं होतं, बाहेर इतरत्र ते एवढं पडलं नव्हतं तरी. ज्यांनी ते तारण ठेवलं होतं त्यांचं मार्जिन पोझिशन न हलताही आटलं. बायनान्सने पुढे २८ कोटी डॉलरच्या आसपास भरपाई दिली, पण भरपाईवर आपण योजना आखत नाही. बिटकॉइनच तारण ठेवून बिटकॉइनचा लाँग घेणाऱ्यांनी तर एक साधा हिशोब करावा : नाण्याच्या मार्जिनवर १ एक्सचा लाँगसुद्धा भाव निम्मा झाला की संपतो, कारण तोटाही वाढतो आणि तारणही त्याच वेळी स्वस्त होतं.

‘मी हेज केलंय’, म्हणजे उलट बाजूचा सौदा घेऊन जोखीम झाकलीय, म्हणणाऱ्यांसाठीही एक ओळ. लिक्विडेशनमधला जादा तोटा भरायला ठेवलेला विमा निधी अपुरा पडला की एक्स्चेंज समोरच्या बाजूच्या नफ्यातल्या पोझिशन्स जबरदस्तीने बंद करतं, त्याला ऑटो-डिलेव्हरेजिंग म्हणतात. त्या रात्री अनेकांचे शॉर्ट असे बंद झाले आणि त्यांच्या आधारावर धरलेले लाँग उघडे पडले. एका बाजूला लाँग, दुसऱ्या बाजूला शॉर्ट म्हणजे वजन शून्य, असं कागदावर असतं.

आणि सगळं भांडवल एक्स्चेंजवर ठेवायचं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं एक्स्चेंज बुडालं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले. तिथे लिव्हरेज नसलेलेही अडकले. मी ट्रेडिंगच्या भांडवलातला तिसरा हिस्सा एक्स्चेंजवर ठेवतो. १ टक्का मात्र पूर्ण भांडवलाचा मोजतो. यासाठी शिस्त लागते, कारण स्क्रीनवर छोटा आकडा दिसत असतो आणि हात शिवशिवतात.

कराचं तुमच्या सीएला विचारा, पण एवढं माहीत असू द्या. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. फ्युचर्सचा नफा या कलमात बसतो की धंद्याच्या उत्पन्नात, यावर सीए लोकांतच दोन मतं आहेत, त्यामुळे ‘फ्युचर्सला कर नाही’ म्हणणाऱ्या टेलिग्रामवाल्याचं ऐकून भरणा टाळू नका. परदेशी एक्स्चेंज असेल तर ते भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेलं आहे का तेही बघा; डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी एक्स्चेंजना त्यावरून नोटिसा गेल्या होत्या.

तुम्हाला वाटेल, हा माणूस भाव कुठे जाईल यावर बोलतच नाही. बरोबर. जपानने २०२० पासून सामान्य गुंतवणूकदाराला क्रिप्टोत जास्तीत जास्त २ एक्स दिलंय. ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये क्रिप्टो डेरिव्हेटिव्ह सामान्य ग्राहकाला विकण्यावर बंदीच घातली होती. आपल्याकडे शेअर बाजाराच्या वायद्यांचा, म्हणजे देखरेख असलेल्या आणि सर्किट असलेल्या बाजाराचा सेबीचा अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. त्यातल्या बऱ्याच जणांना दिशा कळत असणार. तुम्हालाही कळली होतीच की, भाव वर आलाच. फक्त तेव्हा तुमची पोझिशन शिल्लक नव्हती.

आता तुमच्या उरलेल्या १,१०० चं. सोलाना पुन्हा घ्यायचा म्हणताय, स्टॉप ६ टक्के खाली. अर्धा टक्का सांगायचा मोह होतोय, पण १ टक्का धरू : ११ यूएसडीटी. स्टॉपचं अंतर ६, फी आणि घसरण ०.४. अकरा भागिले ०.०६४, म्हणजे १७२ यूएसडीटीची पोझिशन. दुसरी चाचणी : ५० टक्के उडी, आयसोलेटेडचं कुंपण नाही असं धरलं तरी तोटा ८६, भांडवलाच्या आठ टक्क्यांच्या आत. पास. लिक्विडेशन किमान १२ टक्के दूर हवं, म्हणजे ७ एक्सपर्यंत चालेल, ५ घ्या. आयसोलेटेड, मार्जिन ३४. बाजार झोपेत कोसळला, स्टॉप हुकला, तरी जाणार ते हे चौतीस.

‘एकशेबहात्तरच्या पोझिशनमध्ये काय मिळणार’, असं तुम्ही म्हणणार हे मला आत्ताच ऐकू येतंय. जोखमीच्या दुप्पट मिळालं तर बावीस यूएसडीटी, म्हणजे दोन हजार रुपये. गेलेले २,४०० यातून या वर्षी भरून निघणार नाहीत. ते भरून काढायला सोनेतारण कर्ज काढू का, असं तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. नका काढू. दागिने आईचे आहेत हेही तुम्हीच लिहिलंय. हे १७२ वाले पन्नास सौदे करा, प्रत्येकाचा स्टॉप आधी वहीत लिहून मग ऑर्डर टाका, आणि पन्नास झाले की ती वही मला पाठवा. त्यात स्टॉप किती वेळा हलवला तेवढं मी आधी मोजेन.